स्कॅन लवकर दिसावा, पण हरवू नये

परळला केईएम, टाटा किंवा वाडिया रुग्णालयाच्या बाहेर मोठ्या पाकिटातल्या फिल्म छातीशी धरलेले नातेवाईक आजही दिसतात. डॉक्टरांची नजर मात्र आता बहुतेकदा संगणकाच्या पडद्यावर असते. सीटी स्कॅनचा एक छेद साधारण अर्धा एमबीचा. हजार छेदांची तपासणी अर्धा जीबी खाते. असे स्कॅन वर्षानुवर्षे जपायचे तर ते अनेक सर्व्हरच्या समूहात, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर ठेवणे स्वस्त पडते. पण विखुरलेल्या नोंदी अशी डिस्क सेकंदाला जेमतेम शे-दोनशे शोधते.

यावरचा उपाय लालबागच्या मसाला बाजारातल्या कुणालाही सुचेल. पोती गोदामात, रोज खपणारी मिरची गल्ल्याशेजारी! रुग्णालयातल्याच सर्व्हरमध्ये वेगवान एसएसडी बसवायची आणि वारंवार लागणारे स्कॅन तिच्यावर ठेवायचे. या जवळच्या साठ्याला ‘कॅशे’ म्हणतात. (रोख रकमेशी संबंध नाही, खर्चाशी आहे.)

इथवर धोका नाही. जवळची प्रत गेली तरी मूळ प्रत समूहात असते. गोम आहे ती नवा स्कॅन लिहिण्यात. वेगासाठी काही यंत्रणा तो आधी फक्त एसएसडीवर उतरवतात, ‘जतन झाले’ असे सांगून मोकळ्या होतात आणि मूळ साठ्याकडे सवडीने पाठवतात. मधल्या वेळात एसएसडी बंद पडली तर एकमेव प्रत गेली. रुग्णाने पुन्हा क्ष-किरण सोसायचे; शस्त्रक्रियेपूर्वीचा स्कॅन तर पुन्हा काढताही येत नाही. त्यात एसएसडी झिजते ती लिहिण्यानेच. आणि विजेचे काय? १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई अंधारली, तशी वेळ पुन्हा येऊ शकते. जनरेटर, यूपीएस असतात, पण तेही कधी दगा देतात. वीज तुटल्यावर हातातले लिखाण पुरे करण्यापुरते बळ देणारे कपॅसिटर घरगुती एसएसडीत सहसा नसतात.

तेव्हा सार्वजनिक रुग्णालयांच्या निविदेत नुसता वेग आणि टेराबाइट मागून भागणार नाही. नवा स्कॅन दोन वेगळ्या सर्व्हरवर उतरल्याखेरीज ‘जतन झाले’ म्हणायचे नाही, ही अट लेखी हवी. ते परवडत नसेल तर कॅशे वाचण्यापुरतीच ठेवावी. चार सेकंद उशीर चालेल. आणि यंत्रणा ताब्यात घेताना, ‘जतन झाले’ असे दिसताच त्या सर्व्हरची वायर अधिकाऱ्यांसमोर उपटावी आणि तोच स्कॅन दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवायला सांगावे.