सवय व्हायला संगणक रोज हाताशी लागतो!

‘विंडोज ११ सामान्य माणसासाठी तयार आहे का?’ हा प्रश्न २०२१ पासून विचारला जातोय. उत्तर देणारे बहुतेक असे, की ज्यांच्या घरात प्रत्येकाचा वेगळा लॅपटॉप आहे. त्यांचं उत्तर ठरलेलं : “दोन आठवड्यांत सवय होते हो!” आमचा आक्षेप नेमका इथेच आहे. वस्तीतल्या अभ्यासिकेत जिला आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास संगणक मिळतो, तिचे दोन आठवडे म्हणजे एकूण दोन तास. त्या दोन तासांत तिला अर्ज भरायचाय, फोटो ठरलेल्या केबीत बसवायचाय, जातीचा दाखला अपलोड करायचाय. सवय कधी करायची?

म्हणजे वाद बटणाच्या रंगाचा नाही. ‘रोज वापरणारा माणूस’ कोण, हे कोणी ठरवायचं, हा वाद आहे.

विंडोज ९५ बनवताना मायक्रोसॉफ्टने नवशिक्या माणसांना संगणकापुढे बसवून पाहिलं होतं. सुरुवात कुठून करायची हेच त्यांना कळेना. मग खालच्या बटणावर सरळ ‘स्टार्ट’ असा शब्द लिहिला गेला. शिकलेल्यांना तो शब्द बाळबोध वाटला असेल, पण पहिल्यांदा माऊस धरणाऱ्याला तो हात धरून घेऊन गेला. माणूस अडला म्हणून यंत्र बदललं. याला आम्ही तयारी म्हणतो.

पुढे उलटा प्रवास झाला. २६ ऑक्टोबर २०१२ ला विंडोज ८ आलं आणि ते बटणच गायब! टचस्क्रीन डोळ्यांपुढे ठेवून केलेली रचना साध्या माऊसवाल्यांवर लादली गेली. जगभर ओरड झाली, तेव्हा वर्षभराने ८.१ मध्ये बटण परत आलं. पूर्ण मेनू परत यायला २०१५ चं विंडोज १० उजाडावं लागलं. ‘लोकांना बदल नको असतो’ असं म्हणणाऱ्यांनी हा इतिहास एकदा वाचावा. लोक बरोबर होते, रचना चूक होती.

आता विंडोज ११ कडे या. स्टार्ट बटण कोपऱ्यातून उचलून पट्टीच्या मध्यभागी आणलं. दिसायला छान. पण कोपऱ्याचा एक गुण असतो : माऊस कसाही खाली-डावीकडे ढकला, तो कोपऱ्यात जाऊन थांबतो. नेम धरावा लागत नाही. मध्यभागी नेम धरावा लागतो. आणि त्याहून वाईट म्हणजे जसजसे जास्त प्रोग्रॅम उघडाल तसतसं ते बटण डावीकडे सरकतं. ज्याचा हात अजून माऊसवर बसलेला नाही, त्याच्यासाठी दर वेळी घर बदलणारा दरवाजा! उजव्या क्लिकच्या मेनूत कट, कॉपी, पेस्ट हे शब्दच काढून नुसती चित्रं ठेवली. बाकी जुने पर्याय ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या मागे. फाईल ओढून पट्टीवर नेण्याची जुनी सोयही पहिल्या आवृत्तीत नव्हती.

यातलं बरंच नंतर दुरुस्त झालं, हे मान्य. ओढून नेण्याची सोय २०२२ मध्ये परत आली, पट्टीवर प्रत्येक खिडकीचं नाव वेगळं दिसणं २०२३ मध्ये, आणि चित्रांखाली शब्द २०२४ मध्ये. म्हणजे जे आधीपासून होतं ते परत मिळवायला तीन वर्षं. या तीन वर्षांत ‘तयार आहे’ म्हणून तेच विकलं जात होतं.

बूर्दिए ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो ते इथे लख्ख दिसतं. चित्र पाहून अर्थ ओळखणं हे ज्ञान नाही, ती आधीची ओळख असते. ती घरातून मिळालेल्याला आपण ‘स्मार्ट’ म्हणतो, न मिळालेल्याला ‘कच्चा’. आणि तो कच्चा पोरगाही स्वतःलाच दोष देत उठतो.

आमचं उत्तर सांगतो. आजचं विंडोज ११ दोन-तीन सेटिंग बदलली तर चालवण्याजोगं आहे. पण दारातून आत कोण येणार? टीपीएम २.० हवं, आणि काही अपवाद सोडले तर इंटेलचा प्रोसेसर २०१७ नंतरच्या आठव्या पिढीचा हवा. होम आवृत्ती पहिल्यांदा सुरू करतानाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागते. दहा जण वापरणाऱ्या संगणकावर खातं कोणाच्या नावाचं? इकडे विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वर्षभराच्या जादा सुरक्षेसाठी युरोपातल्या ग्राहकांना तिथल्या ग्राहक संघटनांच्या दबावानंतर पैसे आणि बॅकअपची अट दोन्ही माफ. बाकीच्यांनी सेटिंग्जचा बॅकअप कंपनीकडे ठेवा, कंपनीचे रिवॉर्ड पॉइंट खर्चा किंवा ३० डॉलर मोजा. संघटित ग्राहकाला मिळतं, विखुरलेल्याला नाही. हे काय आपल्याला नव्याने सांगायला हवं?

अभ्यासिका चालवणाऱ्यांनी एवढं लगेच करावं : सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, टास्कबार बिहेव्हियर्स इथे जाऊन अलाइनमेंट ‘लेफ्ट’ करा, बटण कोपऱ्यात परत येतं. जुना संगणक भंगारात देऊ नका, त्यावर लिनक्स मिंट घाला. त्याचाही मेनू डाव्या कोपऱ्यातच आहे. अर्ज भरायला, पीडीएफ वाचायला ते पुरतं. टायपिंगच्या परीक्षेचा सराव मात्र परीक्षेत जे असेल त्यावरच हवा, तिथे हट्ट नको. आणि जयंतीच्या वर्गणीतून जी मंडळं सेकंडहँड संगणक घेतात, त्यांनी दुकानदाराला आधी एकच विचारावं : प्रोसेसर कितव्या पिढीचा? सातव्या किंवा आधीच्या पिढीचा असेल तर ‘विंडोज ११ टाकून देतो’ या बोलण्यावर पैसे मोजू नका. मिंट टाकणार असाल तरच घ्या, आणि भाव पाडून घ्या.