शहाऐंशीव्या वर्षींचा स्वर

जाझ म्हणजे पाश्चात्यांच्या नाचघरांतील गोंगाट, अशी समजूत कित्येक घरांतून अद्याप आढळते. ती ज्यांची असेल त्यांनीं चार्ल्स लॉइड या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाचा ‘द स्काय विल स्टिल बी देअर टुमॉरो’ हा दोन तबकड्यांचा संच एकदां ऐकावा, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.

१९३८ सालीं मेम्फिस येथें जन्मलेल्या लॉइड यांनीं हा संच १५ मार्च २०२४ रोजीं, आपल्या ८६ व्या वाढदिवशीं, प्रसिद्ध केला. १९६६ च्या माँटेरी महोत्सवांतील वादनानें त्यांचें नांव गाजलें; पुढें कांहीं वर्षांनीं ते कीर्तीकडे पाठ फिरवून एकांतांत राहिले, आणि कालांतरानें परतले. मुंबईंत जन्मलेले तबलावादक उस्ताद झाकिर हुसेन यांच्यासह त्यांनीं केलेली ‘सेक्रेड थ्रेड’ ही तबकडी २०२२ सालीं निघाली होती.

या संचांत पियानोवर जेसन मोरान, डबल बासवर लॅरी ग्रेनेडियर व ड्रमवर ब्रायन ब्लेड आहेत. तिघेही लॉइड यांच्याहून पुष्कळ लहान. आपल्या रागविस्ताराप्रमाणें येथेंही बरेंचसें वादन ऐन वेळीं सुचलेलें असतें. आम्हांस विशेष वाटलें तें हें कीं, ज्येष्ठ वादक मोजके स्वर लावून थांबतात व धाकट्यांस आपलें म्हणणें मांडूं देतात.

वडिलांनीं बोलावें थोडें व ऐकावें अधिक, हें सांगणें सोपें, आचरणें कठीण. घरांतील थोरांनीं व मुलांनीं हा संच एकत्र बसून ऐकावा. आपल्या घरांत कोण कोणास बोलूं देतो, याचाही मग सहज विचार होईल.