थंडीत उष्णता पंप चालेल काय?

‘थंडीत हवाच गार, मग तिच्यातून उष्णता काढून पाणी तापवणार कसे?’ उष्णता पंपावर चालणाऱ्या गीझरविषयी हा आक्षेप नेहमी ऐकू येतो. तो वरवर पटतो, पण पदार्थविज्ञानाच्या कसोटीस उतरत नाही.

१० अंश सेल्सिअसची हवा आपल्याला गार लागते. पण केल्व्हिन मापनात तिचे तापमान २८३ आहे. हवेहूनही थंड असे शीतक नळीतून खेळवले, की हवेतील उष्णता त्यात शिरते. मग कॉम्प्रेसर ते दाबतो, ते तापते आणि आपली उष्णता टाकीतील पाण्याला देते. फ्रिजही हेच करतो. या तत्त्वावर इमारत उबदार ठेवता येईल, असे विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५२ सालीच मांडले होते.

आता हिशेब पाहू. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर नेण्यास सुमारे साडेतीन युनिट ऊर्जा लागते. साधा गीझर निदान तेवढी वीज घेतो. एका युनिटमागे तीन युनिट उष्णता देणाऱ्या पंपाला सव्वा युनिट पुरते.

मात्र हवा गारठली, की हा लाभ घटतो. पाण्याच्या केल्व्हिन तापमानाला पाणी व हवा यांच्या तापमानांतील फरकाने भागले, की आदर्श यंत्राचा गुणक मिळतो. ५० अंशांच्या पाण्यासाठी तो ३० अंशांच्या हवेत सुमारे १६, १० अंशांच्या हवेत ८ आणि उणे १० अंशांच्या हवेत ५ येतो. प्रत्यक्ष यंत्रे याच्या बरीच खाली राहतात. पण कल तोच.

तेव्हा उष्णता कोठून व केव्हा घ्यायची, हा खरा प्रश्न आहे. अतिथंड प्रदेशात पंप घरात ठेवला, तर तो खोलीचीच ऊब ओढतो आणि ती भरून काढण्यास पुन्हा इंधन लागते. बाहेर ठेवल्यास नळ्यांवर साचलेले हिम वितळवावे लागते. तरीही योग्य बांधणीचे पंप नॉर्वे व स्वीडनमध्ये घरे उबदार ठेवण्यासाठी मोठ्या प्रमाणावर वापरात आहेत.

आमच्या भूमला प्रश्न याहून सोपा आहे. बालाघाटच्या या माळावर हिवाळ्यात पहाट गारठ्याची असली, तरी दुपार उबदार असते. म्हणून पंप दुपारी चालवावा आणि पाणी उष्णतारोधक टाकीत साठवावे. पंप महाग असल्याने, छतावर ऊन येणाऱ्या लहान कुटुंबाने आधी सौर बंबाचा विचार करावा, असे माझे मत आहे. पण वसतिगृहे व दवाखाने यांना रोज शेकडो लिटर गरम पाणी लागते. तेथे उष्णता पंप अवश्य बसवावा.

विद्यार्थी मित्रांनो, जानेवारीत आठवडाभर पहाटे सहा व दुपारी दोन वाजता हवेचे तापमान नोंदवा आणि वरील गुणक काढा. पंप केव्हा चालवावा, हे तुमची वहीच सांगेल.