अतिशीत यंत्रांतील वर्धक

वैशाखांत ज्या गांवीं पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, त्या भुसावळच्या रहिवाशानें अतिशीत विज्ञानावर लिहावें, हें वाचकांस थोडें विनोदाचें वाटेल. परंतु विषय आपल्याच प्रांतांतला आहे. ऑगस्ट २०२४ मध्यें मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत ६ क्यूबिटांच्या क्वांटम प्रोसेसरची चांचणी झाल्याचें जाहीर झालें; संरक्षण संशोधन खात्याची पुण्याची प्रयोगशाळाही या कार्यांत सहभागी होती. असे अतिवाहक क्यूबिट निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या एकदोन शतांशांवर ठेवावे लागतात. त्यांजकडून येणारा संकेत इतका क्षीण असतो कीं, वर्धकानें, म्हणजे अँप्लिफायरनें, तो मोठा केल्यावांचून बाहेरच्या उपकरणांस कळतच नाहीं.

मग हा वर्धक तरी थंडींत कां? पदार्थ उष्ण असला कीं त्यांतील विद्युत्कण अस्वस्थ होऊन स्वतःचीच कुजबूज करूं लागतात. १९२८ सालीं जॉन्सन यांनीं ती मोजून प्रसिद्ध केली व नायक्विस्ट यांनीं तिची उपपत्ति दिली. या कुजबुजींत मूळ संकेत बुडूं नये म्हणून वर्धक सुमारें ४ केल्व्हिनवर, म्हणजे उणे २६९ अंशांवर, बसवितात.

थंडीनें हा वर्धक सहसा बिघडत नाहीं. बिघडतो तो मनुष्याच्या हातानें. त्यांतील ट्रँझिस्टरला ड्रेन व गेट अशा दोन ठिकाणीं वीजदाब द्यावा लागतो. यासच बायस म्हणतात. ड्रेन हा पाटाचा प्रवाह समजा, गेट ही त्यावरील झडप. पुष्कळ जातींत गेटला कांहींच दाब नसतां झडप सताड उघडी असते. अशा वेळीं ड्रेनचा दाब आधीं दिल्यास प्रवाह बेसुमार वाहून आंतील सूक्ष्म रचना तापते. म्हणून प्रथम गेटला ऋण दाब देऊन झडप मिटावी, मग ड्रेनचा दाब हळूहळू चढवावा, आणि शेवटीं प्रवाह मोजीत झडप किंचित् उघडावी. बंद करतांना ड्रेन आधीं शून्यावर, गेट मागाहून. कांहीं जातींची रीत निराळी असते, यास्तव निर्मात्याचें पत्रक आधीं वाचावें. ऊष्ण स्थितींतले आंकडे थंडींत जसेच्या तसे लावणें हेंही घातकच.

आमच्या भुसावळास हा क्रम नवा नाहीं. आगगाडीच्या २५,००० व्होल्टच्या तारेवर काम करण्यापूर्वीं वीज बंद करून भूसंपर्काची काठी लावतात; तिचें खालचें टोंक आधीं रुळाशीं वा खांबाशीं जोडावयाचें, मग आंकडा तारेवर; काढतांना उलट. वर्धकाचा दाब एका व्होल्टच्या आसपासचा. तेथें माणूस मरत नाहीं, यंत्र मरतें, एवढाच भेद.

दुसरा शत्रु स्थिर विद्युत्. हिंवाळ्यांत लोंकरीची शाल काढतांना ठिणगी उडते, ती प्रत्येकानें पाहिली आहे. सुमारें ३,००० व्होल्टखालची ठिणगी मनुष्यास जाणवतही नाहीं, आणि गेट तर शंभर व्होल्टांतही फुटूं शकतें. म्हणजे हानि झाल्याचें हातास कळतच नाहीं. यासाठीं मनगटास भूसंपर्काचा पट्टा बांधावा, जोडणीच्या तारा जोडेपर्यंत जमिनीशीं जोडून ठेवाव्या, आणि दाब चालू असतां कोणतीही तार काढूं वा घालूं नये.

बायस देणारी पेटीही शांत हवी. कांहीं पेट्या कळ दाबतांच क्षणभर उसळी मारतात. ती उसळी वर्धकास बाधूं नये म्हणून पेटी आधीं चालू करून, दाब शून्यावर आहे याची खात्री करून, मग जोडावी. प्रवाहाला मर्यादा घालून ठेवावी. भिंतीवरच्या विजेची ५० आवर्तनांची गुणगुण टाळण्यास कित्येक जण विजेऱ्याच वापरतात. तो मार्ग मला अधिक पटतो, कारण मध्येंच वीज गेली तरी दाब तुटत नाहीं.

आमच्या घरांतील पदवीधर मुलांस समीकरणें सुटतात, पण कळ कोणत्या क्रमानें दाबावी हें शिकविण्याचा कंटाळा आम्हां मास्तरांसही असे. येथें त्या कंटाळ्याची किंमत मोठी आहे. वर्धक जळला तर तो बदलण्यास सबंध शीतपात्र हळूहळू तापवावें लागतें, उघडावें लागतें, पुन्हां हवा काढून थंड करावें लागतें. त्यांत कित्येक दिवस जातात, आणि संशोधक विद्यार्थ्याचें अर्धवट राहिलेलें मोजमाप पुन्हां पहिल्यापासून सुरू करावें लागतें.