पायाला तेल, डोळ्याला झोप



बेणे, खोडवा, पाचट, ठिबक यांवर आपल्या पत्रिकेत नेहमी लिहिले जाते आणि ते लिहिले जावे. पण ज्या अंगाच्या जोरावर ऊस उभा राहतो, त्या अंगाविषयी कुणी चार ओळी लिहीत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदमळणी करतो. जू ओढून राठ झालेल्या खांद्याला हळद-लोणी चोळतो, तेव्हा बैल डोळे मिटून उभा राहतो. मुक्या जनावराला काय सुख लागते ते आपल्याला कळते. मग नरकचतुर्दशीला एकदा तेल-उटणे लागले की पुढल्या दिवाळीपर्यंत आपले अंग कोरडे, हा कुठला न्याय?

पहिलवानाला हे सांगावे लागत नाही. रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांसारखे मल्ल या मातीने दिले. तालमीतली मालिश इथे कुणाला ठाऊक नाही? बाळंतिणीला आणि तान्ह्या लेकराला तेल लावणे तर घरोघरचे. म्हणजे मालिश ही चैन नव्हे, हे आपल्याला मान्य आहे. फक्त राबणाऱ्या मधल्या वयाच्या माणसाला तिचा हक्क नाही, असे आपण उगीच ठरवून टाकले आहे.

आता झोपेचे बघा. शेतीची थ्री फेज वीज जिथे अजून पाळीने येते, तिथे रात्रीचा आठवडा आला की हातात बॅटरी घेऊन दारं धरायला जायचे. बांधावर साप-विंचू, पायाखाली चिखल. पहाटे घरी यावे तर अंग मोडून आलेले आणि डोळे टक्क उघडे. त्यात तोडणीची चिठ्ठी लांबते, उसाला तुरा येतो, सोसायटीचा हप्ता डोक्यात फिरतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ते दिवस ज्यांनी काढले त्यांना या जागरणाचे वर्णन नको.

झोपेसाठी कुणी क्वार्टर जवळ करतो, कुणी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोळी मागतो. दारूने डोळा लागतो हे खरे, पण मध्यरात्रीनंतर तीच झोप मोडते आणि सकाळी माणूस आदल्या दिवसापेक्षा जास्त थकलेला उठतो. गोळीची सवय लागली की सुटता सुटत नाही.

त्यापेक्षा घरचे तेल बरे. वाग्भटाने अष्टांगहृदयात रोज अभ्यंग करावा, त्यातही डोके, कान आणि तळपाय यांना विशेष, असे सांगितले आहे. थकवा जाणे आणि झोप चांगली लागणे हे त्याचे गुण मानले आहेत. (अपचन असलेल्याने करू नये, हेही त्यानेच सांगितले, ते मात्र कुणी सांगत नाही.) आजचे वैद्यकशास्त्र एवढे मानते की, चोळल्याने आखडलेले अंग सैल पडते आणि मनावरचा ताण काही काळ उतरतो. ‘काही काळ’ हे शब्द विसरू नका. पण तेवढ्या वेळात डोळा लागला तर आपले काम झाले.

तेल कुठले? महागड्या बाटलीच्या मागे लागू नका. तीळ चालेल, आणि करडई तर आपल्या काळ्या रानाची. लातूरच्या आडतीत आता सोयाबीनची चलती असली म्हणून करडई परकी झाली नाही. पाय धुऊन कोरडे करावेत, कोमट तेल घेऊन आधी पोटऱ्या, मग अंगठ्याने तळवा, एकेका पायाला पाच-सात मिनिटे. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. नंतर तळवे पुसून घ्या, नाहीतर फरशीवरून घसरून कंबर मोडायची.

काशाची वाटी घरात असेल तर उत्तमच. पण तळवा काळा पडला की ‘उष्णता बाहेर आली’ म्हणतात, ते काही खरे नाही. कासे म्हणजे तांबे आणि कथील. घासताना त्या धातूचा अंश तेला-घामात उतरतो आणि काळा दिसतो. वाटी गुळगुळीत लागते, बरे वाटते, एवढे पुरे. वाटीचे यंत्र मांडून ‘साखर जाईल, बीपी जाईल’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. मधुमेहाने ज्यांचे पाय बधिर झाले आहेत त्यांनी तर गरम तेल आणि जोराचे घासणे टाळावेच. एकाच पायाला सूज येऊन तो दुखत असेल तर चोळू नका, आधी डॉक्टर गाठा. आत रक्ताची गुठळी असू शकते.

आता भगिनींच्या वतीने दोन शब्द. आपल्या घरात तेलाची वाटी एकाच दिशेने फिरते. सून सासूचे पाय चोळते, बायको नवऱ्याचे. खुरपणी, धारा, भाकरी उरकून तिच्या पिंडऱ्या ठणकतात तेव्हा वाटी कुणाच्या हातात असते? नवऱ्याने बायकोच्या पायाला तेल लावले तर गाव हसेल म्हणे. हसू द्या! नाहीतर दार लोटून घ्या, पण लावा.

आणखी एक, स्पष्टच लिहितो. कुणाला आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न गोड लागत नाही, ‘जगण्यात राम नाही’ असे तो बोलू लागला, तर ते तेलाचे काम नव्हे. टेलीमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२ पासून चालू आहे. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. त्याच्याने होत नसेल तर शेजाऱ्याने फोन लावून द्यावा आणि जवळ बसावे.

राहिला विजेचा प्रश्न. सौर कृषी वाहिनी योजनेतून काही फीडरवर दिवसा वीज मिळू लागली आहे. रात्रभर रानात उभ्या असलेल्या माणसाच्या पायाला तेल लावणार तरी कधी? आपल्या गावचा फीडर त्या योजनेत आहे की नाही, हे येत्या वार्षिक सभेआधी वीज कंपनीच्या कार्यालयात विचारून या. नसेल तर गावच्या सभासदांच्या सह्यांचा अर्ज सोबत आणा.