प्रश्नावल्या पुरे, जखमा मोजा

‘शस्त्रक्रियेनंतरचा जंतुसंसर्ग आणि परिचारिकांचे ज्ञान’ या विषयावरचे निबंध आमच्याकडे सतत येतात. साठेक स्टाफ नर्स, तीस-चाळीस बहुपर्यायी प्रश्न, पूर्वचाचणी, नियोजित अध्यापन, सातव्या दिवशी उत्तरचाचणी आणि ‘ज्ञानात लक्षणीय वाढ’. त्या सात दिवसांत त्याच वॉर्डात किती जणांचे टाके पिकले, हे कुणी लिहीत नाही. पुढच्या अंकापासून असा निबंध आम्ही छापणार नाही.

जबलपूरच्या एका वाचक सिस्टरांच्या पत्रामुळे हा निर्णय पक्का झाला. त्यांनीही अशी प्रश्नावली भरली होती. केस शक्यतो काढायचे नाहीत, काढावेच लागले तर क्लिपरने, हे त्यांचं उत्तर बरोबर आलं. त्याच संध्याकाळी हर्नियाच्या रुग्णाची तयारी वॉर्डबॉयने ब्लेडने केली, कारण क्लिपरचं इंडेंट ‘मंजूर यादीत नाही’ असा शेरा घेऊन परत आलं होतं. प्रतिजैविकाचीही तीच गत. छेद घेण्याआधीच्या १२० मिनिटांत डोस द्या, आणि औषध शरीरात किती वेळ टिकतं तेही पाहा, असं जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून सांगते आहे. वॉर्डातली ऑर्डर मात्र ‘सकाळी आठ’ अशी असते आणि यादीतली चौथी केस टेबलावर जाते दुपारी दीडला. सिस्टरांनी डोस थांबवला तर मेमो ठरलेला. पुढे तेच इंजेक्शन पाच-सात दिवस चालू राहतं. शस्त्रक्रिया संपल्यावर ते लांबवू नका, असं त्याच सूचनांत स्पष्ट म्हटलेलं असूनही! यात परिचारिकेचं अज्ञान कुठे आहे? आणि असेल तर फक्त तिचीच परीक्षा का?

मोजणी होत नाही म्हणून हे खपतं. शस्त्रक्रियेच्या जागेचा संसर्ग मोजायची मुदत ३० दिवस, इम्प्लांट असेल तर ९०. रुग्ण घरी जातो चौथ्या-पाचव्या दिवशी. दुर्बिणीची उपकरणं ग्लुटाराल्डिहाइडमध्ये वीस मिनिटं बुडवून नळाच्या पाण्याने धुतली, की अॅटिपिकल मायकोबॅक्टेरियाची गाठ पोर्टच्या जागी काही आठवड्यांनी उठते. तोवर रुग्ण दुसऱ्याच डॉक्टरकडे गेलेला असतो आणि मासिक अहवालात संसर्ग शून्य. इन्फेक्शन कंट्रोल नर्स हे पद असतं, पण त्या सिस्टरला तपासणीच्या फायली भरायला आणि रजेवरच्यांच्या जागी ड्यूटीला लावलं जातं.

जबलपूरला याची झळ जास्त बसते. मध्य प्रदेशात धड सोयी नसलेल्या नर्सिंग महाविद्यालयांना मान्यता दिल्याचं प्रकरण तिथल्याच उच्च न्यायालयात गेलं. सीबीआयने ३०८ महाविद्यालयं तपासली, १६९ योग्य ठरवली. मे २०२४ मध्ये लाचेच्या आरोपावरून सीबीआयचेच अधिकारी पकडले गेले आणि न्यायालयाने त्या १६९ ची फेरतपासणी लावली. विद्यार्थिनींच्या परीक्षा वर्षानुवर्षं रखडल्या. ज्या मुलींना शिकण्यासाठी धड रुग्णालयच मिळालं नाही, त्यांना निर्जंतुक ट्रे कसा उघडायचा हे आता वॉर्डातल्या तुम्हीच शिकवणार आहात. म्हणून काही सिस्टरांना कडक शब्दांत सांगायला हवं: ड्रेसिंग न उघडता ‘जखम स्वच्छ’ लिहिणं बंद करा. नवी मुलगी तेच पाहून शिकते.

इन्चार्ज सिस्टरांनो, उद्याच एक वही सुरू करा. शस्त्रक्रिया, तारीख, केस कशाने काढले, डोसची वेळ, छेदाची वेळ, रुग्णाचा फोन नंबर. तिसाव्या दिवशी फोन करा: ताप, लाली, पू, टाका उघडला का? इम्प्लांटवाल्यांना नव्वदाव्या दिवशी पुन्हा. डोस आणि छेद यांच्यातलं अंतर लाल शाईने लिहा आणि महिनाअखेरीस ते पान इंडेंटसोबत अधीक्षकांच्या टेबलावर ठेवा. ‘यादीत नाही’ हा शेरा त्या पानाशेजारी लिहिणं त्यांना इतकं सोपं जाणार नाही. सहा महिन्यांच्या नोंदी आमच्याकडे पाठवा. आकडे वाईट असले तरी पाठवा; रुग्णांची नावं आणि नंबर काढून, रुग्णालयाचं नाव न घालता आम्ही ते छापू.