भाला कोणता घ्यावा? आधी कशासाठी ते ठरवा



मागच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत नववीतला एक मुलगा माझ्याकडे आला. हातात वडिलांचा मोबाईल होता. म्हणाला, "सर, ह्यातला कुठला भाला चांगला?"

स्क्रीनवर तीन तुकड्यांत सुटा होणारा, काळ्या पात्याचा आणि रबरी मुठीचा भाला होता. मला वाटलं, तालुका स्पर्धेची तयारी चालली असेल. मी म्हटलं, "अरे, हा फेकायचा भाला नाही."

तो म्हणाला, "फेकायचा नाय सर. पप्पांना रात्री मोटर चालू करायला जावं लागतं. उसात बिबट्या हाय."

मी जरा वेळ गप्पच झालो. मुलाचा प्रश्न चुकीचा नव्हता. घरातल्या माणसाची काळजी त्यामागे होती. पण "कोणता भाला" याचं उत्तर "कशासाठी" हे ठरल्याशिवाय देता येत नाही. म्हणून आज दोन्ही भाल्यांविषयी लिहितो. माझं मत आधीच सांगून टाकतो: खेळासाठी भाला जरूर घ्या, बिबट्यासाठी घेऊ नका. आता कारणं बघू.

१) सरावाचा भाला कसा निवडावा?

७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत नीरज चोप्राने ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्णपदक जिंकलं आणि आपल्याकडे गावोगावी मुलं भाला मागू लागली. हरियाणातल्या पानिपत जिल्ह्यातल्या खांद्रा गावचा हा मुलगा. ही फार चांगली गोष्ट झाली. पण मुलं नीरजचा भाला मागतात, तिथे गडबड होते.

नियमाप्रमाणे पुरुषांचा भाला ८०० ग्रॅमचा आणि २.६ ते २.७ मीटर लांबीचा असतो. महिलांचा ६०० ग्रॅमचा आणि २.२ ते २.३ मीटरचा. १८ वर्षांखालील मुलांसाठी ७०० ग्रॅम आणि मुलींसाठी ५०० ग्रॅम. म्हणजे आठवी-नववीच्या मुलाने ८०० ग्रॅमचा भाला उचलण्यात कसलंही शौर्य नाही. त्याने फक्त खांदा आणि कोपर दुखावतं. खुद्द नीरजवर २०१९ साली उजव्या कोपराची शस्त्रक्रिया झाली होती, हे लक्षात असू द्या.

अगदी सुरुवात करणाऱ्या लहान मुलांना तर मऊ टोकाचा, प्लास्टिकचा हलका भाला द्यावा. तोही नसेल तर टेनिस चेंडू डोक्यावरून नीट फेकायला शिकवा. हाताची तीच सवय पुढे उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट म्हणजे भाल्यावरचा मीटरचा आकडा. ५०, ६०, ७० असे आकडे असतात. तो भाला साधारण किती अंतर फेकणाऱ्यासाठी बनवलाय, ते त्यावरून कळतं. दुकानदार म्हणेल, "सत्तरचा घ्या, लांब जातो." पण जास्त आकड्याचा भाला जास्त ताठ असतो आणि त्याला तेवढाच वेग लागतो. २५ मीटर फेकणाऱ्या मुलाच्या हातात तो नुसता थरथरतो आणि आडवा पडतो. शिकणाऱ्याने कमी आकड्याचाच घ्यावा.

तिसरी गोष्ट, घेताना डोळ्यासमोर धरून दांड्याच्या रेषेत बघा. वाकलेला भाला कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. दोरीची मूठ घट्ट आहे का, टोक हलतं का, हेही बघा. बांबूचा असेल तर दांड्याला चीर गेलेली नसावी, कारण फुटलेला बांबू तळहातात घुसतो.

भाल्यात विज्ञानही आहे बरं का! १९८४ साली पूर्व जर्मनीच्या उवे होन याने १०४.८० मीटर भाला फेकला. मैदान अपुरं पडायची वेळ आली. म्हणून १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटिमीटर पुढे सरकवण्यात आला. त्यामुळे भाल्याचं टोक लवकर खाली झुकू लागलं आणि अंतर कमी झालं. ४ सेंटिमीटर म्हणजे दोन बोटांची रुंदी. विज्ञानाच्या तासाला गुरुत्वमध्य शिकताना हे उदाहरण नक्की आठवा.

२) वापरण्याची शिस्त

२०२३ साली रायगड जिल्ह्यात एका शाळेच्या मैदानावर सराव चालू असताना भाला लागून एका विद्यार्थ्याचा जीव गेला. हे वाचल्यापासून मी मैदानावर भाला काढण्याआधी पाच नियम मुलांकडून पाठ म्हणवून घेतो. तुम्हीही वहीत लिहून ठेवा.

१. फेकणाऱ्याच्या पुढे कुणीही नाही. सगळे मागे, तेही अंतर ठेवून. भाल्याची शेपटीही लागते.
२. भाला नेताना उभा धरायचा, टोक जमिनीकडे. खांद्यावर आडवा टाकून फिरायचं नाही.
३. सगळ्यांचं फेकून झालं आणि शिट्टी वाजली की मगच आणायला जायचं, आणि चालत जायचं. पळत जाणाऱ्याच्या डोळ्यात रुतलेल्या भाल्याची शेपटी जाऊ शकते.
४. रुतलेला भाला बाजूला उभं राहून आधी सरळ करायचा, मग उपसायचा. मागे कुणी नाही ना, हे बघूनच.
५. भाला फेकत परत द्यायचा नाही. चालत जाऊन हातात द्यायचा.

केनियाचा ज्युलियस येगो यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून शिकला आणि २०१५ साली जगज्जेता झाला. मुलं मला हे उदाहरण देतात. खरं आहे ते. पकड कशी धरायची, पावलं कशी टाकायची, हे व्हिडिओत दिसतं. पण आपल्या मागे कोण उभं आहे, हे व्हिडिओ सांगत नाही. त्यासाठी मैदानावर मोठं माणूस लागतंच.

३) आता दुसरा भाला

भाला हे आपल्या मातीतलं शस्त्र आहे. मराठ्यांच्या घोडदळात भालाईत होते. विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला. फेकला की दोरीने परत ओढून घेता येतो. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात विटा आजही बघायला मिळतो. याचा अभिमान असलाच पाहिजे. पण आखाड्यात पोराच्या हातात आधी लाठी येते, पातं नाही. आणि लढाईतला भाला एकट्याचा नव्हता. शेजारी सोबती असायचे, समोर दिसणारा शत्रू असायचा.

रात्री उसात यातलं काय असतं? काहीच नाही. ऊस बारा ते अठरा महिने उभा राहतो. आत पाणी, सावली, लपायला जागा. बिबट्याची पिल्लंही तिथेच जन्मतात. बिबट्या समोरून ललकारून येत नाही. तो बहुधा मागून किंवा बाजूने झडप घालतो आणि मान धरतो. खाली वाकलेलं किंवा बसलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं दिसतं. आता दारे धरणारा माणूस डोळ्यासमोर आणा. एका हातात खोरं, दुसऱ्या हातात बॅटरी, कंबर वाकलेली. तो भाला धरणार कुठल्या हाताने? धरलाच, तर दाट उसात तो फिरवणार कसा? आणि घाव बसलाच, तरी जखमी बिबट्या जास्त घातक. आज निघून गेला तरी उद्या त्याच रानात दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर येईल.

मला त्याहून मोठी भीती वाटते ती वेगळीच. हातात भाला असला की माणूस जिथे मागे फिरायला हवं, तिथे पुढे जातो. दहा जण भाले घेऊन बिबट्याला घेरतात आणि मग व्हायचं तेच होतं. शिवाय हा भाला दिवसा घरात कुठेतरी भिंतीला टेकवून ठेवलेला असणार. घरात लहान भावंडं असतात. भांडणंही असतात.

कायदाही समजून घ्या. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची शिकार केल्यास किमान ३ वर्षं तुरुंगवास होतो. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेने प्राणी मारला गेला, तर कायदा त्याला गुन्हा मानत नाही. पण ठरवून पाठलाग करणं ही वेगळी गोष्ट झाली. शस्त्र नियमांच्या यादीतही तलवार-खंजिरांबरोबर भाल्याचं नाव आहे आणि सरकारने अधिसूचित केलेल्या भागात त्याला परवाना लागतो. पोलिसांचे शस्त्रबंदीचे आदेश असतील तेव्हा भाला घेऊन रस्त्यावर दिसलात तर अडचणीत याल. ऑनलाइन विकणारा हे सांगत नाही. तो फक्त घरपोच देतो.

४) मग करायचं काय?

"सर, तुम्हाला बोलायला काय जातंय? तुम्ही कुठं रात्री वावरात जाता?" हे कुणीतरी म्हणणारच, आणि म्हणायचा त्यांना हक्क आहे. म्हणून नुसतं "भाला नको" म्हणून मी थांबणार नाही.

रात्री एकट्याने जायचं नाही, दोघांनी जायचं. बॅटरी चांगल्या उजेडाची. मोबाईलवर गाणी मोठ्याने लावायची, बोलत राहायचं. माणसाची चाहूल लागली की बिबट्या बहुतेक वेळा स्वतःच बाजूला होतो. हातात लांब काठी ठेवा. ती जमिनीवर आपटून आवाज होतो, उंच धरली की आपण मोठे दिसतो. बिबट्या समोर आलाच तर पळायचं नाही, खाली बसायचं नाही. त्याच्याकडे तोंड ठेवून, आरडाओरडा करत हळूहळू मागे सरकायचं. अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटं अंगणात सोडायचं नाही. घराला लागून ऊस नको, मधे मोकळी जागा ठेवा. शेळ्या-कोंबड्या बंदिस्त ठेवा. बिबट्या दिसला तर गर्दी करून फोटो काढत बसू नका, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

आणि आता मुख्य मुद्दा. तो बाप रात्री शेतात जातो, कारण वीज रात्री येते. प्रश्नाचं मूळ तिथे आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. म्हणजे दिवसा वीज हवी, हे सरकारलाही मान्य आहे. मग आपल्या फीडरवर ती कधी येणार, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. प्रत्येक घराने आपापला भाला विकत घेतला, तर हा प्रश्न विचारणारं कुणी उरणार नाही. माणसाचा जीव वाचवणं ही ज्याच्या त्याच्या खिशावर आणि मनगटावर सोडून द्यायची गोष्ट होऊन बसेल. मला हे मान्य नाही.

त्या मुलाला मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, भाल्याचे पैसे चांगल्या बॅटरीला आणि घरामागच्या दिव्याला लाव. दोन, आपल्याला औपचारिक पत्रलेखन आहेच, तर या वेळी विषय तूच दे. मग सगळ्या वर्गाने वीज कार्यालयाला अर्ज लिहिला: "आमच्या भागातील शेतीपंपांना दिवसा वीजपुरवठा करण्याबाबत." त्यातले सहा अर्ज इतके चांगले जमलेत की ते आता ग्रामपंचायतीमार्फत खरोखर पाठवणार आहोत.

आणि हो, तो मुलगा शनिवारपासून मैदानावर येतो. ७०० ग्रॅमचा भाला, ५० चा आकडा. पहिल्या दिवशी १९ मीटर गेला. पाचही नियम तोंडपाठ आहेत त्याचे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याही घरी रात्री कुणाला शेतात जावं लागत असेल, तर आज जेवताना हा विषय काढा. आणि तुमच्या गावासाठीचा अर्ज वहीत लिहून उद्या मला दाखवा.